चंद्रावरचा बाप्तिस्मा

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. रात्रीची जेवणे झाली होती, जपमाळही म्हणून झाली होती आणि वीज गेली होती. आमचे कासार आंबोली हे पुण्याहून पौडकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे, पिरंगुटच्या पुढचे गाव. एकेकाळी इथल्या रात्री खऱ्याखुऱ्या काळ्याभोर असत. आता कारखान्यांचे आणि नव्या इमारतींचे दिवे आभाळाच्या कडा पांढुरक्या करून सोडतात. तरी वीज गेली आणि पाऊस उघडला, की मुळशीकडच्या डोंगरांवर चांदण्या दाटीने उगवतात. आम्ही आजोबा-नात ओसरीवर बसलो होतो. नात तेरा वर्षांची. बराच वेळ आभाळाकडे पाहून झाल्यावर तिने विचारले,

“आजोबा, समजा दुसऱ्या एखाद्या ग्रहावर आपल्यासारखं कोणी असेल, तर प्रभू येशू त्यांच्यासाठीपण मेला का? की फक्त आपल्यासाठी?”

मी धर्मशिक्षण देणाऱ्या मास्तरांचा मुलगा. लहानपणी प्रश्नोत्तरे तोंडपाठ होती, पण हा प्रश्न त्यात नव्हता. मला उत्तर सुचेना, आणि उत्तर सुचले नाही की वडीलधारी माणसे जे करतात तेच मी केले. “असले प्रश्न तुला सुचतात तरी कुठून?” असे थोड्या जरबेनेच विचारले.

“पुस्तकातून. आत्यानं पाठवलंय ना ते,” ती म्हणाली.

आत्या म्हणजे माझी मुलगी. ते ऐकून मी गप्प झालो. का गप्प झालो, हे सांगण्यासाठीच हा लेखनप्रपंच. त्या रात्रीनंतर मी विज्ञानकथा आणि अद्भुतकथा यांची पुस्तके मिळतील तशी वाचत आलो आहे. काही तरुणपणी वाचलेली पुन्हा काढली, काही पहिल्यांदाच हाती घेतली. मी समीक्षक नव्हे. पिरंगुटच्या एका कारखान्याच्या भांडारात नटबोल्टांचा हिशेब ठेवण्यात माझी तीस वर्षे गेली. तेव्हा पुढे जे लिहितो आहे ते एका साध्या वाचकाचे मनोगत आहे आणि थोडासा पापस्वीकारही.

माझे वडील अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातल्या एका मिशन शाळेत मास्तर होते. मास्तर या शब्दाचा आपल्या माणसांतला अर्थ वाचकांना वेगळा सांगायला नको. दिवसा मुलांना बाराखडी, संध्याकाळी मोठ्यांना प्रार्थना, आणि फादर दुसऱ्या गावी गेलेले असले म्हणजे आजाऱ्याच्या उशाशी बसणे. शिक्षण बेताचे, पण कान मोठा उत्सुक. मी बोर्डिंगमधून सुटीत घरी आलो, की त्यांना कंदिलाच्या उजेडात काहीतरी वाचून दाखवावे लागे. एका सुटीत मी भा. रा. भागवतांचे ‘चंद्रावर स्वारी’ घेऊन गेलो. फुरसुंगीच्या फास्टर फेणेला जन्म देणारे हेच ते भागवत. त्यांनी ज्यूल व्हर्न या फ्रेंच लेखकाला असे काही मराठीत आणले, की तो परका आहे याची आम्हा मुलांना शंकाही येत नसे. व्हर्नने १८६५ साली ही कादंबरी लिहिली. प्रचंड तोफेत गोळा भरायचा, गोळ्यात तीन माणसे बसवायची आणि अमेरिकेच्या फ्लोरिडा प्रांतातून ती तोफ चंद्राच्या दिशेने डागायची, अशी ती कल्पना. पुढे १९६९ सालच्या जुलैत खरीखुरी माणसे चंद्राकडे निघाली तीही फ्लोरिडातूनच. त्या वर्षी मी चौदा वर्षांचा होतो.

वडिलांनी ते पुस्तक तीन रात्री ऐकले. तिसऱ्या रात्री कंदील मालवताना ते म्हणाले, “चंद्रावर पाणी नाही म्हणतात. मग तिथं कोणाला बाप्तिस्मा द्यायचा झाला तर कसा द्यायचा रे?”

मी त्यांच्या तोंडाकडे पाहत राहिलो. ते हसले. “इथून घागर भरून न्यावी लागेल. नेऊ. त्यात काय एवढं?”

त्या वेळी मला तो नुसता विनोद वाटला. आज वाटते, त्या विनोदामागे केवढा तरी निर्भयपणा होता. माणूस चंद्रावर गेला म्हणून आपला देव लहान होईल, अशी शंका त्या अल्पशिक्षित मास्तरांच्या मनाला शिवलीही नाही. जिथे माणूस जाईल तिथे त्याच्यामागून घागर घेऊन आपणही जायचे, एवढाच त्यांचा हिशेब.

त्यांच्या मुलाचा हिशेब मात्र चुकला. २००३ साल असावे. माझी मुलगी तेव्हा तेरा वर्षांची होती, आज नात आहे तेवढीच. हॅरी पॉटर नावाच्या जादूगार मुलाच्या पुस्तकांनी सगळीकडे धुमाकूळ घातला होता. निबंधाच्या बक्षिसाच्या पैशांतून तिने त्यातले एक जाडजूड पुस्तक विकत आणले होते. त्याच दिवसांत एका मेळाव्यात मी ऐकले, की असल्या पुस्तकांतून मुलांच्या मनात चेटूक शिरते आणि ज्या घरात ती असतात त्या घरातली शांती जाते. खुद्द रोममध्येही या पुस्तकांविषयी दोन मते होती, हे मला फार पुढे कळले. मी एकच ऐकले आणि घाबरलो. पुस्तकाचे एक पानही न वाचता, मुलगी शाळेत गेलेली असताना ते उचलले आणि रद्दीवाल्याच्या तराजूत टाकले. संध्याकाळी तिने विचारले तेव्हा मी सांगितले, “आपल्या घरात ते चालणार नाही.”

ती भांडली नाही, रडलीही नाही. पण त्या दिवसापासून ती काय वाचते हे तिने मला कधीच सांगितले नाही. पुढे ती शिकली, लग्न होऊन बंगळुरूला गेली. दर रविवारी न चुकता तिचा फोन येतो. “पप्पा, गोळ्या घेतल्या का? मिस्सेला गेला होतात का?” मीही विचारतो, “पाऊस आहे का तिकडे?” दोघेही एकमेकांची काळजी करतो, आणि काळजीपलीकडे आमच्यात बोलायला काही उरले नव्हते. तीच मुलगी आता भाचीला पुस्तके पाठवत होती, आणि भाची मला माझ्या वडिलांचाच प्रश्न विचारत होती.

म्हणून मी वाचायला बसलो. पहिली आठवण अर्थातच डॉ. जयंत नारळीकरांची झाली, कारण २०२५ सालच्या मे महिन्यात पुण्यात त्यांचे निधन झाले तेव्हा त्यांच्या कथांची जुनी पुस्तके घराघरांतून पुन्हा बाहेर निघाली होती. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत त्यांनी ‘कृष्णविवर’ ही कथा ‘नारायण विनायक जगताप’ या नावाने पाठवली होती. स्वतःच्या नावाची आद्याक्षरे त्यांनी उलटी केली होती. कीर्तीच्या बळावर बक्षीस मिळू नये म्हणून केलेला हा खटाटोप मला त्यांच्या कथांइतकाच आवडतो. ती कथा पहिली आली आणि मराठी विज्ञानकथेला एक मोठा पाठीराखा लाभला.

नारळीकरांच्या ज्या कथेपाशी मी थबकलो ती ‘धूमकेतू’. एक हौशी खगोलनिरीक्षक रात्रीमागून रात्री दुर्बिणीला डोळा लावून एक नवा धूमकेतू शोधतो. त्याच्या पत्नीला ते अशुभ वाटते. पुढे गणिताने कळते, की तो धूमकेतू पृथ्वीवर आदळण्याचा धोका खराच आहे. शास्त्रज्ञ गुप्तपणे यान पाठवून त्याची वाट वळवतात. इकडे घरी शांतीसाठी यज्ञ होतो, आणि संकट टळल्यावर ते यज्ञाने टळले अशीच घरच्यांची समजूत होते. ही कथा मी पूर्वी वाचली होती तेव्हा मला थोडे बरेच वाटले होते. आपल्यात असले काही नाही, असे मनाशी म्हणून मी पान उलटले होते. या वेळी तसे जमले नाही. रद्दीवाल्याचा तराजू डोळ्यांपुढे आला. पुस्तक घराबाहेर काढले म्हणजे घराची शांती शाबूत राहील, असे मी मानले होते. त्या पत्नीने निदान आपल्या श्रद्धेप्रमाणे प्रार्थना केली होती. मी तर नुसत्या भीतीला धर्माचे वस्त्र चढवले होते. भीती श्रद्धेचा आव आणते तेव्हा ती ओळखणे फार कठीण असते, विशेषतः ती आपल्याच घरातली असली म्हणजे.

‘गंगाधरपंतांचे पानिपत’ ही दुसरी कथा. इतिहासाचे एक प्राध्यापक अपघातानंतर अशा एका जगात जाऊन पोचतात, की जिथे १७६१ साली पानिपतावर मराठे हरलेच नाहीत. विश्वासरावांना लागलेली गोळी त्या जगात त्यांच्या कानाजवळून निघून गेली आहे, आणि तेवढ्याने सगळा इतिहास निराळा झाला आहे. ही कथा वाचून ज्याला स्वतःची एखादी गोळी आठवत नाही असा माणूस विरळा. त्या दुपारी मी ते पुस्तक उचलले नसते, त्यातली दोन प्रकरणे आधी वाचली असती आणि संध्याकाळी मुलीला विचारले असते, “हा पोरगा पुढे काय करतो ग?”, तर? अशा एखाद्या जगातला बाप आज मुलीशी फोनवर पावसाखेरीज आणखी कशाकशाविषयी बोलत असेल.

नारळीकरांविषयी आणखी एक गोष्ट आपल्या वाचकांना सांगण्याजोगी आहे. विश्वाचा आरंभ एका अतिघन बिंदूपासून झाला, ही कल्पना प्रथम मांडली ती बेल्जियमच्या एका कॅथलिक धर्मगुरूने, फादर जॉर्ज लमेत्र यांनी, १९३१ साली. नारळीकरांचे गुरू फ्रेड हॉईल यांना ती पटली नाही. १९४९ साली रेडिओवरच्या एका भाषणात त्यांनी तिला ‘बिग बँग’ असे नाव दिले आणि तेच पुढे रूढ झाले. नारळीकरही अखेरपर्यंत त्या सिद्धांताविषयी साशंक राहिले. १९५१ साली पोप पायस बारावे यांनी या सिद्धांताचा संबंध उत्पत्तीच्या श्रद्धेशी जोडला, तेव्हा खुद्द फादर लमेत्र अस्वस्थ झाले होते. विज्ञानाचे खरेखोटे विज्ञानाने ठरवावे आणि श्रद्धेने त्याच्या कुबड्या घेऊ नयेत, अशी त्यांची भूमिका होती. धर्मगुरू असून ते विज्ञानाला घाबरले नाहीत, आणि विज्ञानाचा आधार मिळाला म्हणून हुरळलेही नाहीत.

आणखी एक योगायोग असाच मनात रेंगाळतो. २०२० सालच्या जानेवारीत उस्मानाबादला, म्हणजे आताच्या धाराशिवला, अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते आपले फादर फ्रान्सिस दिब्रिटो. त्यानंतरचे संमेलन २०२१ च्या डिसेंबरात नाशिकला झाले आणि त्याचे अध्यक्ष होते नारळीकर. मराठीने एकाच आसनावर आधी ‘सुबोध बायबल’ लिहिणाऱ्या धर्मगुरूला बसवले आणि मग आकाश वाचणाऱ्या वैज्ञानिकाला. २०२४ साली फादर गेले, २०२५ साली नारळीकर गेले. ज्या भाषेला हे दोघे एकत्र सामावून घेता आले, त्या भाषेत वाढलेल्या माझ्यासारख्याला ते आपल्या घरात का जमू नये?

सगळीच अद्भुत पुस्तके हितकर असतात असे मात्र मी म्हणणार नाही. नुसता थरकाप उडवून सोडून देणारी पुस्तके मीही अर्ध्यावर ठेवली आहेत. नारायण धारपांच्या समर्थकथा तरुणपणी मी चोरून वाचत असे. आता पुन्हा काही वाचल्या. भीतीचा अंमल त्यांच्याइतका कोणी बसवला नसेल, पण त्यांच्या समर्थांपुढे दुष्ट शक्तीला शेवटी माघार घ्यावी लागते, हे आता अधिक लक्षात आले. २०१८ साली आलेल्या ‘तुंबाड’ या चित्रपटाचे मूळ धारपांच्याच एका कथेत आहे, असे नातीने मला सांगितले. लोभाने माणसाचा राक्षस होतो, हे आपल्या प्रवचनांतून ऐकलेले सत्य त्या चित्रपटाने तिला अधिक चांगले समजावले असेल, तर मी कोणावर रागवायचे?

यानंतर हाती आला तो ‘स्वामी मुद्रिकांचा’. इंग्रज लेखक टॉल्कीन यांच्या १९५४-५५ साली प्रसिद्ध झालेल्या तीन खंडांच्या महाकादंबरीचा मुग्धा कर्णिक यांनी केलेला हा मराठी अनुवाद. एवढे अवाढव्य पुस्तक मराठीत आणणे म्हणजे डोंगर उचलण्यासारखेच काम. मी ते चार महिने वाचत होतो. सुरुवातीला नावांचाच गोंधळ उडाला. मग हळूहळू ते हॉबिट, ते बुटके, सामान्य, खाण्यापिण्याची आवड असलेले लोक मला आमच्या गावातल्या माणसांसारखे वाटू लागले.

हे टॉल्कीन निष्ठावंत कॅथलिक होते, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे? निदान मला नव्हते. त्यांच्या विधवा आईने १९०० साली कॅथलिक श्रद्धा स्वीकारली आणि त्यापायी नातलगांचा रोष ओढवून घेतला. १९०४ साली ती वारली तेव्हा टॉल्कीन बारा वर्षांचे होते. पुढे त्यांचा सांभाळ फादर फ्रान्सिस मॉर्गन या धर्मगुरूंनी केला. आपली कादंबरी मुळात धार्मिक आणि कॅथलिक वृत्तीची आहे, असे टॉल्कीन यांनीच एका जेझुइट मित्राला कळवले होते. गंमत म्हणजे त्या कथेत चर्च नाही, मिस्सा नाही, धर्मगुरू नाही. पण प्रवासात हॉबिटांना तगवणारी ती पातळ पोळी आहे, जिचा एक तुकडा दिवसभराचे बळ देतो. वाचताना ख्रिस्तप्रसादाची आठवण झाल्यावाचून राहत नाही. दुष्टाचा पाडाव होतो ती तारीख टॉल्कीन यांनी २५ मार्च ठेवली आहे. गब्रिएल दूताने पवित्र मारियेला निरोप दिला त्याच सणाची ही तारीख. हे कुठेही बोलून दाखवलेले नाही, ओळखणाऱ्याने ओळखावे.

मला सर्वांत अधिक भिडले ते शेवटाकडचे एक प्रकरण. एवढा प्रवास करून, एवढे सोसून फ्रोडो ती शापित अंगठी आगीत टाकायला कड्यावर उभा राहतो आणि ऐन वेळी हरतो. ती त्याला टाकवत नाही. ज्या गॉलम नावाच्या दुष्ट जिवाला पूर्वी दया दाखवून जिवंत सोडले होते, त्याच्याच झटापटीतून अंगठी आगीत पडते. म्हणजे जग वाचते ते वीराच्या ताकदीने नव्हे, तर कधीकाळी केलेल्या दयेमुळे. कृपा या शब्दावर मी पुष्कळ प्रवचने ऐकली आहेत, पण तो शब्द असा अंगावर आला तो या जादूच्या पुस्तकात. जादू आहे म्हणून हेही पुस्तक मी त्या वर्षी रद्दीत टाकले असते.

आणखी एका गोष्टीने हे पुस्तक मला घरचे वाटले. टॉल्कीनना झाडांचे वेड आणि यंत्रांच्या हव्यासाची चीड. हॉबिट परत येतात तेव्हा त्यांचे गाव ओळखू येत नाही. झाडे तोडलेली, ओढा नासलेला. आमच्या मुळशीला हे कोणी शिकवायला नको. टाटांच्या धरणात आपली गावे आणि भातखाचरे बुडू नयेत म्हणून १९२१ साली इथल्या मावळ्यांनी सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह केला होता. धरण झाले, मुंबईला वीज मिळाली, आणि गावे पाण्याखाली गेली. माझाही संसार या भागातल्या कारखान्यावरच उभा राहिला, हे मी कसे विसरू? उद्याचे जग येते तेव्हा ते कोणाच्या तरी शेतातून येते. चांगली विज्ञानकथा नव्या यंत्राचे कौतुक करून थांबत नाही. त्याची किंमत कोण मोजणार, हेही विचारते. आपल्या धर्मसभेची सामाजिक शिकवण दुसरे काय विचारते?

आता नातीच्या त्या पुस्तकाकडे येतो. त्याचे नाव ‘प्रोजेक्ट हेल मेरी’. अँडी वीअर या अमेरिकन लेखकाची २०२१ साली आलेली ही कादंबरी. नात मला चिडवायची, “आजोबा, हे तुमचंच पुस्तक आहे, नमो मारियेचं.” वस्तुतः ‘हेल मेरी’ हा अमेरिकेतल्या फुटबॉलमधला शब्दप्रयोग आहे. खेळ संपत आला असता, सगळा भार देवावर टाकून चेंडू लांबवर फेकायचा, त्याला तिकडे असे म्हणतात. कथेत सूर्याचे तेज खाणारे सूक्ष्मजीव निर्माण झाले आहेत आणि पृथ्वी गारठून मरणार आहे. बारा प्रकाशवर्षांवरचा एक तारा मात्र त्यांच्यापासून बचावला आहे. तो का बचावला हे पाहायला एक यान पाठवले जाते. त्या यानाचे नाव ‘हेल मेरी’ आणि त्यातल्या एकमेव जिवंत उरलेल्या माणसाचे, विज्ञानाच्या शाळामास्तराचे, आडनाव ‘ग्रेस’, म्हणजे कृपा! नमो मारिया रोज म्हणणाऱ्या वाचकाला यातली मेख समजावून सांगायला नको.

इंग्रजी वाचन माझे बेताचे. नात शेजारी बसून अडलेले सांगत असे. सूक्ष्मजीवांचे शास्त्र मला निम्मेच कळले. पण ग्रेसला तिथे परक्या ग्रहावरचा एक जीव भेटतो, त्यानंतर पुस्तक खाली ठेववेना. हा जीव कोळ्यासारखा, पाच पायांचा, दगडासारख्या कवचाचा. त्याला डोळे नाहीत, तो आवाजाने पाहतो आणि सुरांनी बोलतो. ग्रेस त्याचे नाव ‘रॉकी’ ठेवतो. एकाची हवा दुसऱ्याला मारक, म्हणून मध्ये भिंत घालून दोघे काम करतात. रॉकीच्या लोकांत एक रीत आहे. कोणी झोपले म्हणजे दुसऱ्याने जागे राहून त्याच्यावर लक्ष ठेवायचे. म्हणून ग्रेस झोपला की रॉकी भिंतीपलीकडे बसून त्याच्या झोपेची राखण करतो.

पुढे कळते, की ग्रेस मुळात वीर नव्हताच. या मोहिमेवर जायला त्याने भिऊन नकार दिला होता आणि त्याला बळजबरीने यानात घातले होते. शेवटी त्याच्यापुढे दोन वाटा उरतात. घरी पृथ्वीवर परतायचे, की संकटात सापडलेल्या रॉकीला वाचवायला उलट वळायचे आणि घराची आशा सोडायची. पृथ्वीसाठीचा उपाय तो छोट्या यानांतून पाठवून देतो आणि स्वतः वळतो. कोंबडा आरवण्यापूर्वी तीनदा नाकारणारा पेत्र मला त्या पानावर आठवला. एकदा भ्यालेल्या माणसाला दुसरी संधी मिळते, हे त्या कथेचे मर्म आहे. लेखकाच्या मनात पेत्र असेल-नसेल, माझ्या मनात होता.

त्या राखणीनेही मला विचारात पाडले. मीही मुलीची राखणच केली होती. पण माझ्या राखणीत मुलीकडे पाहणे नव्हते, फक्त दाराकडे पाहणे होते.

एका रविवारी फोन आला. गोळ्यांची चौकशी झाली. मी म्हणालो, “तू पाठवलेलं पुस्तक वाचून संपवलं. तो रॉकी झोपेची राखण करतो ना, तो भाग मला फार आवडला.”

पलीकडे क्षणभर शांतता. मग, “पप्पा, तुम्ही वाचलंत?”

त्या दिवशी आम्ही पाऊण तास बोललो. पावसाचा विषय निघाला नाही. शेवटी मी धीर करून म्हणालो, “तुझं ते पुस्तक मी रद्दीत घातलं होतं. वाचलंही नव्हतं. चुकलंच माझं.” ती हसली. “त्याचं काय एवढं! मी ते मैत्रिणीकडून आणून तेव्हाच वाचलं होतं.” मग थोडे थांबून म्हणाली, “तुम्हाला त्यातलं सांगायचं मात्र राहून गेलं.”

माझी बंदी तर वाया गेली होतीच. पुस्तक बाहेर घालवता आले नाही, मुलीचे बोलणे मात्र बाहेर गेले. ते तेवीस-चोवीस वर्षांचे सांगणे आता कुठून परत आणणार? पण ती अजून सांगायला तयार आहे, हीही कृपाच.

राहता राहिला नातीचा प्रश्न. मी तिला प्रामाणिकपणे सांगितले, की याचे उत्तर मला येत नाही, पण हा प्रश्न विचारणे पाप नव्हे. व्हॅटिकनची स्वतःची वेधशाळा आहे. तिचे तेव्हाचे संचालक फादर फ्युनेस यांनी २००८ साली सांगितले होते, की परग्रहावर जीव असतील तर तेही देवाची निर्मिती आणि म्हणून आपले भाऊच. त्यांच्यानंतरचे संचालक ब्रदर कन्सोल्मॅग्नो यांनी तर परग्रहवासीयाला बाप्तिस्मा द्याल का, हाच प्रश्न एका पुस्तकाचे नाव म्हणून घेतला. आणि २०२५ सालच्या सप्टेंबरात त्या वेधशाळेची धुरा आली ती फादर रिचर्ड डिसोझा या जेझुइटांकडे. ते गोव्याचे, पण जन्मले आपल्या पुण्यात! हे ऐकून तिचे डोळे चमकले. आमच्या गावात राणी लक्ष्मीबाई मुलींची सैनिकी शाळा आहे. तिथल्या गणवेशातल्या मुली पाहून मोठेपणी सैन्यात जायचे तिने ठरवले होते. आता वेधशाळेत जायचे म्हणते. उद्या आणखी काही म्हणेल.

मग मी तिला तिच्या पणजोबांचा घागरीचा विनोद सांगितला. ती हसली नाही. गंभीरपणे म्हणाली, “पण आजोबा, चंद्रावर पाणी आहे. चांद्रयान-१ नं शोधलं ना.” खरेच होते. आपल्या चांद्रयानावरच्या उपकरणाला चंद्राच्या मातीत पाण्याचे अंश सापडल्याचे २००९ साली जाहीर झाले होते. वर्तमानपत्रात मीही ते वाचले होते, पण तेव्हा वडील आठवले नाहीत. ते त्यापूर्वीच देवाघरी गेले होते.

पालकांना माझे एवढेच सांगणे आहे. मुलांच्या हातचे पुस्तक काढून घ्यावेसे वाटले तर आधी ते स्वतः वाचा. वाचवत नसेल तर मुलाकडून ऐकून घ्या. माझ्या वडिलांना वाचायला चष्मा नव्हता, म्हणून ते ऐकत. मला चष्मा होता.

परवा नातीने पुढचे पुस्तक मागवले आहे. आल्यावर आधी कोणी वाचायचे, यावरून आमचे भांडण चालू आहे.